ताईचा भेटीचा अर्ज

धाकट्याने दारूच्या नशेत मालकाची गाडी नेमकी पोलिस चौकीच्या भिंतीत घातली. धडकायचंच होतं तर शहरात दुसऱ्या भिंती काय कमी होत्या? पण अक्कल गहाण टाकलेला माणूस पत्ता विचारून थोडाच धडकतो! झाली सहा महिन्यांची कैद.

ताई बसवर कंडक्टर. आई गेल्यापासून धाकट्याला तिनेच वाढवलं, आणि या घरात माया करायची रीत एकच होती: पोटभर बोलणी ऐकवायची. तुरुंगातून त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, पण तिने तोंड उघडलं रे उघडलं की, "ताई, आवाज तुटतोय," म्हणून हा फोन ठेवायचा. प्रत्यक्ष भेटीचं तर नावच नको. मामा आला, जिवलग मित्र आला, दोघांनाही त्याने आल्या पावली परत पाठवलं. "या कपड्यांत मला कोणी बघायचं नाही," एवढंच त्याचं म्हणणं. आपल्यालाही तो नाही म्हणाला तर? या धास्तीने ताईची झोप उडाली. तरी तिने अर्ज केलाच.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"बाई, भेटीचं कारण... 'कान उपटणे'?"

"मग? खरंच लिहायचं ना?"

"अहो, ही धमकी झाली. 'खुशाली विचारणे' लिहा."

"खुशाली दिसतेय की फोनवर! गाल वर आलेत मेल्याचे. खोटं लिहून सही नाही करणार मी."

मागे रांगेत खसखस पिकली. कारकुनाने कपाळाला हात लावला. "राहू दे. पण कैद्याची संमती लागते. त्याला हे जसंच्या तसं वाचून दाखवणार."

"दाखवा!" ताई ठणकावून म्हणाली, आणि बाहेर येऊन पायरीवर मटकन बसली. आता कशाला हो म्हणतोय तो!

दोन-तीन दिवसांनी डेपोत कारकुनाचा फोन आला. बिचारा हसू दाबत होता. "हवालदाराने वाचून दाखवलं. तुमचा भाऊ आधी हसला, मग रडला, मग म्हणाला, उद्याच बोलवा."

भेटीच्या खोलीत धाकटा मान खाली घालून टेबलापलीकडे बसला. ताईला भडभडून आलं. ते तिने गिळलं आणि भरल्या बसमधला आवाज लावला. दारूवरून सुरुवात झाली, गाडी संगतीवर आली, तिथून मामाच्या अपमानाकडे वळली. "आणि मला परकी समजलास? मला?" शेजारच्या टेबलांवरची माणसं आपलं बोलणं सोडून ऐकू लागली. धाकट्याची मान हळूहळू वर आली. तो डोळे भरून तिच्याकडे बघत राहिला.

घंटा झाली. हवालदार पुढे आला, तसा धाकटा घाईघाईने उठला.

"साहेब, अजून थोडा वेळ द्या ना," त्याने हात जोडले. "तिचं अजून निम्मंही बोलून झालं नाही."