कोरडी खोली, ओली खोली

गळ्याच्या ऑपरेशननंतर गाण्याच्या बाईंचा आवाज गेला तो गेलाच. उरली फक्त कुजबूज, तीही अगदी जवळ बसलं तरच ऐकू येणारी. "सहा महिने वाट पाहू, मग पुन्हा तपासू," असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंचे यजमान निवृत्त आरेखक. सगळी नोकरी टेबलावर ओणवं होऊन इमारतींचे नकाशे काढण्यात गेली आणि कंबर कायमची धरून बसली. बायकोला तेही सगळ्यांसारखं 'बाई'च म्हणत.

वाफेनं घसा मोकळा होतो असं बाईंनी कुठेतरी वाचलं आणि तेच डोक्यात घेतलं. भांड्यावर टॉवेल घेऊन बसण्यानं त्यांचं समाधान होईना.

"घरातच वाफेची खोली करून घेऊ या," त्या कुजबुजल्या. "रोज बसेन मी."

अशा खोल्या बसवणारा फिटर आला तेव्हा बाई आत पडल्या होत्या. त्यानं न्हाणीघराच्या भिंतींवर टकटक करून पाहिलं आणि आरेखकांना समोर बसवून सांगितलं, "काका, लोक दोन्हींना एकच समजतात, पण तसं नाही. सौना म्हणजे लाकडाची कोरडी खोली. हीटरवर दगड तापतात, ऐंशी-नव्वद डिग्रीपर्यंत जातं. ती कोपऱ्यात दोन दिवसांत उभी करून देतो, नळसुद्धा लागत नाही. वाफेची खोली पंचेचाळीसच्या आसपासच राहते, पण हवा ओलीचिंब. तिला वरपासून खालपर्यंत टाइल्स हव्यात, घट्ट बसणारं काचेचं दार, पाण्याचा निचरा, वाफेचं मशीन. छतसुद्धा उतरतं करावं लागतं, नाहीतर गरम थेंब डोक्यावर पडतात. महिनाभर घर उकरलेलं राहील. तुम्हाला कशासाठी हवंय?"

"घशासाठी," आरेखक म्हणाले. मग जरा थांबून, "आणि माझी कंबर."

"कंबरेला सौना बरा वाटेल. पण घशाला वाफच. आधीच कोरड पडलेल्या घशाला आणखी कोरडी हवा कशाला? आणि काहीही केलंत तरी डॉक्टरांना विचारून करा."

आरेखकांनी डॉक्टरांना विचारलं नाही. महिनाभराची धूळ आणि फुटलेली फरशी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. कंबरही आली, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नाही. त्यांनी सौना सांगितला. बाईंना म्हणाले, "शेक तो शेकच. दोन्हींत फार फरक नाही." बांधकामातलं यांना कळतं, असं बाई जन्मभर धरून चालल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

आरेखकांना सौना मानवला. कित्येक वर्षांनी ते खाली वाकून बुटाची नाडी स्वतः बांधू लागले. बाई दुपारी बसत, लालबुंद होऊन बाहेर येत, घटाघटा पाणी पीत. तिसऱ्या आठवड्यात कुजबूजही फाटली. मग कोरडा खोकला लागला. दोन महिन्यांनी त्यांनी बोलणं सोडून दिलं आणि वही-पेन्सिल जवळ ठेवली.

तिसऱ्या महिन्यात सौनाच्या दाराचं बिजागर बदलायला फिटर पुन्हा आला. बाईंची वही पाहून त्याला काय समजायचं ते समजलं.

"बाई, घशासाठी वाफेची खोली घ्या म्हणून मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग वहीत लिहिलं, 'पहिल्याच दिवशी?' आणि वही त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ते पान फाडलं नाही, खोडलं नाही. नुसतं उलटलं.

दुसऱ्याच दिवशी आरेखकांनी सौना काढायला सांगितला. महिनाभर घर धुळीनं माखलं. छताचा उतार त्यांनी स्वतः कागदावर काढून दिला. कंबर मोडून येईतो टेबलावर वाकले. वाफेची खोली झाली तशा बाई रोज सकाळी तिच्यात बसू लागल्या. काचेपलीकडे धुक्यात त्यांचं तोंड उघडताना दिसे. बाहेर मशीनचा फसफसाट तेवढा ऐकू येई.

सहा महिने झाले. बाईंच्या तपासण्या झाल्या, पण रिपोर्ट ऐकायला त्या गेल्या नाहीत. नवऱ्याला पाठवलं.

"आवाजाची नस कायमची गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "आता आवाज येणार नाही."

"वाफ आधीच सुरू केली असती तर?"

"तरी नाही. वाफेनं घशाला जरा बरं वाटतं, एवढंच. कोरड्या हवेनं त्रास वाढला असणार, पण आवाज ऑपरेशनच्या दिवशीच गेला होता."

घरी परतताना आरेखकांना हलकं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. आपल्यामुळे गेला नाही. आज सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा त्यांनी मनात जुळवलं.

बाई नुकत्याच वाफेतून बाहेर आल्या होत्या. चेहरा फुललेला. रिपोर्टबद्दल त्यांनी विचारलंच नाही. वही पुढे केली: 'आज घशात काहीतरी हललं. आवाज येणार.' आणि खाली: 'तीन महिने वाया घालवलेत तुम्ही माझे. नाहीतर एव्हाना आला असता.'

आरेखकांनी दोन्ही ओळी वाचल्या. हातातली फाइल कपाटात कपड्यांखाली सरकवली.

"हो," ते म्हणाले. "माझं चुकलं."

बाईंनी आणखी लिहिलं: 'गाण्याच्या मुलांच्या घरी फोन करा. पुढच्या महिन्यापासून शिकवणी सुरू.'

त्यांनी फोन लावला. बाई समोर खुर्ची ओढून बसल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत.

"अरे वा," पलीकडून एका मुलीची आई म्हणाली. "बाईंचा आवाज आला का?"

"येतोय," आरेखक म्हणाले, आणि बाईंनी वहीतल्या पुढच्या नंबरावर बोट ठेवलं.