खालच्या कोपऱ्यातला ढीग

माझी बायको रंजिता सापडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. नाल्याच्या वळणावर एक बाभूळ आडवी पडलेली आहे, तिच्या मुळांत ती अडकली होती. निकेशला दिसली. निकेश आमच्या साइटवर जेसीबी चालवतो. रात्रभर आम्ही तिला शोधत होतो; तो सरळ माझ्यापाशी आला.

"कुठं हाय?" मी विचारलं.

"चादर घेऊन चला, बंडूजी," तो म्हणाला.

आदल्या दिवशी सेलूचा बाजार होता. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकून ती दुपारी परत येत होती. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. तीनच्या सुमारास तासभर असा पाऊस पडला की समोरचं दिसत नव्हतं. गावाआधी नाल्यावर दोन पायपांचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. ऑटोवाल्यानं तिला अलीकडं सोडलं. पाणी घोट्याच्या वर होतं. तो थांब म्हणाला, तर ही म्हणाली, रोजचाच रस्ता हाय. रपट्यावर गाळ होता. पाय घसरला आणि गेली.

मी तिला उचललं तेव्हा तिच्या केसांत, कानांत काळी माती होती. ती माती मी ओळखली. आमच्या नाल्यात मुरूम असतो, वाळू असते. ही शेताची वरची माती होती, आणि ती कुठून आली हे मला तिथंच कळलं. मी ओल्या फडक्यानं तिचा चेहरा पुसला. लोकांना वाटलं, नवरा आहे म्हणून पुसतो आहे.

मी त्या साइटवर मुकादम आहे. गावाबाहेर सात एकरांत गोदाम होत आहे. खोदकाम सुरू व्हायच्या आधी वरची फूटभर काळी माती काढून बाजूला ठेवायची होती. ती कुठं ठेवायची, पावसाचं पाणी कुठून वळवायचं, याचा नकाशा माधवी मॅडमनं काढला होता. त्या आर्वीच्या. पंचविशीची पोरगी, पहिलीच नोकरी. मी सातवी शिकलेला. मला नकाशा समजावा म्हणून तिनं मातीचे दोन लहान ढीग केले, एकावर गवताची पेंढी पसरली, आणि दोन्हींवर एक एक तांब्या पाणी ओतलं. उघड्या ढिगाची माती माझ्या चपलेपर्यंत आली.

"काका, पाणी आपण थांबवू शकत नाही," ती म्हणाली. "त्याच्यासोबत माती जाऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम."

नकाशात अवघड काही नव्हतं. ढीग वरच्या अंगाला, नाल्यापासून लांब. त्यावर पावसाआधी बोरू, म्हणजे ताग, पेरायचा, म्हणजे मुळं माती धरतात. खालच्या कोपऱ्यात गाळखड्डा, साइटचं गढूळ पाणी त्यात थांबून, निवळून मगच नाल्यात जाईल. नाल्याच्या बाजूनं गिट्टी भरलेल्या गोण्यांची ओळ.

आमच्याकडं खोदकामाची काळी माती जो आधी मागेल त्याची असते. मागणारा ढिगात काडी रोवतो, तिला फडकं बांधतो. मग दुसरं कोणी हात लावत नाही. रंजिताची वाडी नाल्याच्या पलीकडं. तिथं वीतभर मातीखाली मुरूम लागतो. एप्रिलमध्ये जेवायला वाढताना तिनं विचारलं, "अवो, ते काळी माती कोणाले देऊन राह्यले?"

"कोणालेच नाई. साइटचीच हाय ते. काम झालं का मागच्या अंगाले परत पसरवाची."

"सात एकराची माती? काऊन, कंपनी वांगे लावते काय गोदामात?"

मला हसू आलं.

"खालच्या कोपऱ्यात टाकून ठेवजा," ती म्हणाली. "माह्या वाडीले जवळ पडते. मी टोपल्यानं नेईन. तुमच्या टॅक्टरचं नाव नाई घेत."

तीस वर्षांत तिनं माझ्याकडं फार काही मागितलं नव्हतं. मी निकेशला सांगितलं, ढीग खाली टाक. निकेश म्हणाला, मॅडमनं तर तिथं खड्डा सांगतला. मी म्हटलं, खड्डा नंतर पाहू. दुसऱ्या दिवशी तिनं काडी रोवली, आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. पाऊस लागायच्या आधी चाळीसएक टोपली नेली. ढीग होता तेवढाच राहिला.

दर शनिवारी एका वहीत खुणा करायच्या होत्या. गाळखड्डा झाला, गोण्या लावल्या, बोरू पेरला. मॅडमकडं तीन साइट होत्या, त्या महिन्यातून एकदा यायच्या. पावसाळ्यात दोनदा आल्या, दोन्हीदा मी त्यांना चिखल आहे म्हणून वरच्या अंगानंच फिरवलं. वहीत सगळ्या खुणा मी केल्या. माझ्या मनात एवढंच होतं की दिवाळीपर्यंत रंजिता माती नेईल, मग खड्डा खोदून टाकू.

त्या तासाभराच्या पावसात अर्धा ढीग नाल्यात गेला. रपट्याचे दोन्ही पायप बुजले आणि पाणी वरून वाहू लागलं.

तिला जाळून आल्यावर मी साइटवर गेलो आणि उरलेल्या ढिगातली काडी उपटून फेकून दिली. दुसऱ्या दिवशी रपट्याचा पंचनामा झाला. पंचनाम्यात निसर्गाचा कोप लिहिला. कंपनीनं साइटवर न येता फक्त वही पाहिली. वहीत सगळी कामं झालेली, तरी माती वाहून गेली, म्हणजे नकाशाच चुकीचा, असं ठरलं. माधवी मॅडमला घरी बसवलं.

माझी सासू कौशल्याबाई तेरवीला आली ती राहिली. आल्यागेल्याला सांगायची, "लिहिल्या-वाचल्या पोरीनं कागदावर रेघा मारल्या अन् माही लेक गेली." मी तिथंच बसलेला असायचो. होय म्हणायचो नाही, नाही म्हणायचो नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी माधवी मॅडम घरी आल्या. सासूनं ओळखलं आणि उठून आत गेली. जाताना म्हणाली, "बसा. आमच्या घरात आता पाणी द्याले कोणी नाई."

मॅडम खाली चटईवर बसल्या. त्यांच्या हातात नकाशाची गुंडाळी होती.

"काका, मी सगळं कागदावर परत मोजलं. उतार मोजला, खड्डा किती मोठा हवा तेही मोजलं. मला चूक सापडत नाही. पण चूक असणारच, नाही तर काकू गेल्या नसत्या." मग म्हणाल्या, "मला माफ करा असं म्हणायला आले होते. पण ते म्हणायचीही लाज वाटते."

मला तोंड उघडता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "ऊन झालं. बस सुटंल तुमची."

त्या उठल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही.

त्यानंतर मला जेवण जाईना. आठ दिवसांनी मी कागद लिहिला. ढीग मी खाली टाकला, खड्डा खोदला नाही, वहीतल्या खुणा खोट्या आहेत, नकाशा बरोबर होता. तो घेऊन कंपनीचे साहेब वासुदेवराव यांच्याकडं गेलो. त्यांनी दोनदा वाचला.

"बंडूजी, तुम्ही दुःखात हा," ते म्हणाले. "फाइल बंद झाली. आता हे काऊन उकरून राह्यले?"

"मॅडमले कळवसान ना?"

"ते हुशार हाय. लागंल दुसरीकडं."

कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. ते तसं वाटलं याची आज लाज वाटते, कारण त्या कागदानं कोणाचं काही झालं नव्हतं.

घरी सासू शेंगा फोडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"काऊन टाकला ढीग तिथं?"

सोयीचं होतं, असं मी सांगणार होतो. गेलेल्या बाईवर कशाला आणायचं, असं रस्ताभर ठरवत आलो होतो. पण निघालं ते खरं. "रंजितानं मागतली होती माती. वाडीसाठी."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली.

"तिनं मागतली," मग ती म्हणाली. "तिले माती समजे, जवाईबापू. पाण्याचं तुमाले शिकवलं होतं त्या पोरीनं, तिले नाई."

मी खाली सांडलेली टरफलं गोळा करू लागलो.

"अन् ते पोरगी दारात आलती तवा तुमी मुके होते. म्या तिले पाणी नाई देल्लं." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "जा, सांगून या तिले. कागद नोका देऊ. तोंडानं सांगजा."

दुसऱ्याच दिवशी मी निकेशला घेऊन उरलेला ढीग वर नेला. खड्डा खोदला, गोण्या लावल्या. बोरूचा वेळ गेला होता म्हणून ढिगावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरला. परवा सरी आल्या तर खड्ड्यातून निवळ पाणी बाहेर गेलं. नकाशा बरोबर होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आर्वीला जायला मी दोनदा निघालो. एकदा सेलूच्या स्टँडवरून परत आलो, एकदा वर्ध्यापर्यंत गेलो, आर्वीच्या गाडीत बसलो आणि गाडी सुटायच्या आत उतरलो. त्यांचा फोन नंबर माझ्याकडं आहे. सासू रोज संध्याकाळी विचारते, गेलते काय, आणि मी उद्या जातो म्हणतो. रंजिताला जाऊन दीड महिना झाला. माधवी मॅडमला अजून कोणी सांगितलेलं नाही.