थोरल्याने बसवलेलं दार

थोरला गेला तेव्हा त्याची जुनी मोटार शेडमध्ये अर्धवट उभी होती. अकरा वर्षं त्याने तिच्यावर घालवली होती, तरी इंजिन अजून कोपऱ्यात ताडपत्रीखाली, आणि दोन्ही दारं वर चौकटीला घासत होती. काम पुरं करायला आलेला धाकटा भाऊ पेशाने डेंटर, गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. त्याने एक दार लावून पाहिलं आणि कपाळाला हात मारला.

"अकरा वर्षांत दादाला एक दार बसवता आलं नाही!"

मागे वहिनी उभ्या आहेत हे त्याला उशिरा कळलं.

"भावोजी, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "हे इथं काम करायचे, की घर नको म्हणून नुसते येऊन बसायचे?"

थोरल्याच्या गाडीची थट्टा सगळ्यांनी केली होती, पण सगळ्यांत मोठ्याने धाकट्यानेच. "गाडी पुरी झाली की सांगतो," म्हणून त्याने वेळ मारून नेली.

दोन्ही दारांच्या खालच्या बिजागरीमागे थोरल्याने दोन-दोन पातळ चकत्या घातल्या होत्या. धाकट्याने उजव्या दाराच्या काढून टाकल्या. दार घासायचं थांबलं आणि स्वारी खूश झाली. डावं दार त्याने नंतरसाठी ठेवलं, कारण इंजिन गाडीत उतरवायला मागून आणलेली चेन-पुली संध्याकाळी परत द्यायची होती.

वहिनींनी साखळी सोडली, त्याने इंजिन जागेवर धरलं. बोल्ट आवळले, साखळी सैल केली. सगळं वजन पुढे आलं तशी स्प्रिंग दबली आणि पत्रा कुठेतरी कुरकुरला. मग धाकटा डाव्या दाराकडे वळला. घासणार म्हणून त्याने खांदा लावायची तयारी केली होती, पण दार नुसत्या हाताने मिटलं. चारी बाजूंनी फट अगदी सारखी.

त्याने ते पाच-सहा वेळा उघडलं, मिटलं. इंजिन बसल्यावर सांगाडा किती वाकेल, हे थोरल्याने आधीच हिशेबात धरलं होतं, आणि तो सगळा हिशेब कागदाएवढ्या पातळ दोन-दोन चकत्यांत बसवला होता. वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या धाकट्याला हे कधी सुचलंही नव्हतं.

उजव्या दाराला मात्र आता वर बोट जाईल एवढी फट पडली होती. त्याने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली, चकत्या मुकाट्याने परत घातल्या आणि वहिनींना त्याच दाराशी आणलं.

"एका बोटाने ढकला."

दार अलगद लागलं.

"हे यांनी केलं?"

"दोन्ही दारं दादाचीच, वहिनी. हे एक मी मध्येच बिघडवलं होतं. माझ्या हातून जन्मात असं काम झालं नसतं."

वहिनींनी दार उघडून पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"घरातलं एक दार कधी न आपटता लावलं नाही हो त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडू लागल्या.