कोल्हापुरी सीट

मी सायकल बोलतेय. बायकांची सायकल. मधली दांडी खाली वाकवलेली, म्हणजे पायघोळ झग्यासकट बसता यावं अशी. माझा जन्म ओहायोतल्या टोलेडो गावचा, व्हिक्टोरिया राणी अजून गादीवर होती तेव्हाचा. वय विचारू नका. माझ्या लाकडी रिमा बघा आणि तुम्हीच अंदाज करा. मला थोडा तोरा आहे, पण या वयात तोऱ्याशिवाय उभं राहणं अवघड जातं.

सध्या माझा मुक्काम ओहायोतल्याच कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये, नीला आणि सिद्धेश या मराठी जोडप्याच्या गराजमध्ये आहे. या वसंतात मी भिंतीवर जाणार होते. अगदी खरीखुरी भिंत, ब्रॅकेट ठोकून, मागे दिव्यांची पट्टी लावून. ते कसं टळलं तेच सांगायला बसलेय. पण आधी माझ्या पहिल्या मालकिणीची ओळख करून देते. तिच्यावाचून पुढची गंमत कळायची नाही.

तिचं नाव एडिथ. सायोटो नदीकाठच्या एका गावात ती शाळामास्तरीण होती. त्या काळी सायकलवर बसायचं म्हणजे बाईमाणसाला आधी तासभर नटावं लागे. पोटाला करकचून आवळलेला कॉर्सेट, त्यावर गळाबंद ब्लाउज, हातमोजे, पिसाची हॅट आणि घोट्यापर्यंत लोकरीचा झगा. झगा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या काठात शिशाचे तुकडे शिवलेले. आऱ्यांत अडकू नये म्हणून माझ्या मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी. एवढं सगळं लेवून एडिथ बसली की मला वाटायचं, हिला फिरायला नेतेय की लढाईला?

जूनमधली गोष्ट. नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावर मधोमध एक चावरं कासव बसलं होतं. ही कासवं परातीएवढी असतात आणि स्वभावाने फार वाईट. एडिथ उतरून कौतुकाने वाकून बघायला गेली, तर त्याने तिच्या झग्याचा काठच धरला. सोडेना. तिने समजावलं, दटावलं, शाळेतल्या पोरांना म्हणते तसं "वन, टू, थ्री" म्हणून पाहिलं. शेवटी डोळे मिटून जोरात ओढलं. झगा गुडघ्याएवढा उरला आणि शिशाचे तुकडे कासवाकडे राहिले.

लाजेने लालबुंद होऊन ती माझ्यावर बसली. पण थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पाय मोकळे आहेत, पायडल हलकं झालंय आणि आपण भलत्याच वेगात चाललोय. ती हसायलाच लागली. त्याच आठवड्यात तिने झग्याची ढगळ विजार शिवून घेतली. गावाने नाकं मुरडली, मुरडू देत. त्यानंतर आम्ही काय काय पाहिलं म्हणून सांगू. पाण्यात एका पायावर उभे राहिलेले निळे बगळे, धुक्यातून मान वर काढणारी हरणं, संध्याकाळी कुरणभर पेटलेले काजवे. मी आयुष्यात एवढी सुखी कधीच नव्हते, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

एडिथ थकली तशी मी तिच्या भाच्याच्या कोठारात गेले. तिथे मला कुणी विचारलं नाही, पण एकटीही पडले नाही. दर वसंतात एक चिमणीएवढं तपकिरी पाखरू माझ्या बास्केटमध्ये घरटं करायचं. त्याच्या किती पिढ्या माझ्या अंगाखांद्यावर वाढल्या, मला मोजता येत नाही. टायर झडले, जाळीचे दोरे कुजले. आणि एका शनिवारी ते कोठार विकायला निघालं, तेव्हा सिद्धेश मला गाडीच्या टपावर बांधून घरी घेऊन आला.

मला वाटलं, सुटले. पण तो नीलाला म्हणाला, "बेसमेंटमध्ये फीचर वॉल करू. ही मधोमध माउंट करायची. काय लुक येईल, यार."

फ्रेमला भोकं पाडावी लागणार होती.

तेवढ्यात सांगलीहून कांचनमावशी आली. नीलाची सख्खी मावशी, बँकेतून रिटायर झालेली, सहा महिने राहायला आली होती. पहिला आठवडा तिने कौतुकात काढला. दुसऱ्या आठवड्यात तिला कळलं की इथे गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातलं फर्निचर होतो. दुकान लांब, बागही लांब, रस्त्यावर चालणारं कुणी नाही. नीला आणि सिद्धेश कामावर गेले की ती गराजचं दार उघडून रस्त्याकडे बघत खुर्ची टाकून बसायची. मी तिच्या मागे उभी. दोघी सारख्याच अडकलेल्या.

एक दिवस तिची नजर माझ्या मागच्या मडगार्डवर गेली. कडेने ओळीत बारीक बारीक भोकं आहेत. सिद्धेशला तो गंज वाटत होता.

"अरे, हे तर साडीगार्ड," ती म्हणाली. "माझ्या स्कूटरला होतं तसं." आणि संध्याकाळी तिने क्रोशाचा दोरा काढून जाळी विणायला घेतली.

"मावशी, अँटिक आहे ती," सिद्धेश म्हणाला. "चालवायची नसते हो, डिस्प्ले करायची असते."

"मीही अँटिकच आहे," मावशी म्हणाली. "मला कुठल्या भिंतीवर लावणार आहात?"

शेजारी बेव्हर्ली नावाची एक हसरी म्हातारी राहते. जुन्या सायकलींच्या क्लबात आहे. दर मे महिन्यातल्या एका रविवारी ही मंडळी जुन्या काळचे कपडे घालून नदीकाठाने फेरी काढतात. मला बघून तिने गालावर हात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या मापाचे टायर घेऊन आली. मग सिद्धेशनेच तडजोड काढली. मावशीने रविवारची फेरी पुरी केली आणि चालवतच घरी आली, तर मी रस्त्यावर राहणार. ढकलत आणावं लागलं, तर सोमवारी ब्रॅकेट. मावशी म्हणाली, "मंजूर." माझं कुणी मत विचारलं नाही.

सराव सुरू झाला. कॉलेजात असताना मावशी सायकलवरच फिरायची, पण मी पडले जुन्या वळणाची. माझं पायडल मागच्या चाकाशी बांधलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायाला सुट्टी नाही. ब्रेक म्हणजे हँडलखालचा एक लोखंडी चमचा, तो पुढच्या टायरला टेकतो आणि फारसं काही करत नाही. पहिल्याच उतारावर मावशीने सवयीने पाय थांबवले आणि आम्ही दोघी बेव्हर्लीच्या ट्यूलिपमध्ये गेलो. बेव्हर्लीने टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात मात्र मावशी अशी तयार झाली की सकाळी हरणंसुद्धा चरायची थांबून आम्हाला बघायची.

पोशाखाचा प्रश्न होता. नीलाने विचारलं, "कॉर्सेट ऑर्डर करू का तुझ्यासाठी?"

"वेड लागलंय का? इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला आणलेली नऊवारी आहे की."

"शिवलेली?"

"नेसायची," मावशी म्हणाली.

तिने काष्टा मारून दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. दोन्ही पाय मोकळे, काठ आवरलेला, शिशाचे तुकडे नाहीत, पोट आवळलेलं नाही. एडिथला ज्यासाठी कासव लागलं, ते हिच्या पणजीला आधीच ठाऊक होतं.

आणि शनिवारी घात झाला. माझी कातडी सीट वाळून कडक झाली होती. मावशीला दया आली. आपल्याकडे कोरड्या वस्तूला, केसाला, गुडघ्याला एकच औषध. तिने सीटला भरपूर खोबरेल चोपडलं आणि मुरावं म्हणून मला घरामागच्या लाकडी डेकवर उन्हात उभं केलं, आणि सगळी मंडळी भाजी आणायला गेली. पहिल्यांदा एक खार आली. तिने चाटून पाहिलं. मग ती तिच्या नातेवाइकांना घेऊन आली. मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं. घंटा आहे, पण ती स्वतःची स्वतःला वाजवता येत नाही. मंडळी परतली तेव्हा सीटची स्प्रिंग तेवढी उरली होती आणि शेवटची खार रेलिंगवर बसून मिशा पुसत होती.

मावशी पायरीवर बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली, पूर्वी बसायची तशी. नीला म्हणाली, "अगं, पुढच्या वर्षी जा." मावशी नुसती हो म्हणाली. पुढच्या वर्षापर्यंत मी भिंतीवर असणार, हे तिघांनाही माहीत होतं.

सिद्धेशने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो आत गेला. मला वाटलं, ब्रॅकेट आणायला. बाहेर आला तो एक खोका घेऊन. आत त्याच्या लग्नातल्या कोल्हापुरी चपला होत्या, लाल गोंड्यांच्या, कोऱ्या करकरीत.

"मावशी, हे बघा. ओरिजिनल लेदर. जाड आहे. दोन्ही सोल शेजारी शेजारी शिवले तर सीट होईल."

"अहो, लग्नातल्या ना या?"

"घातल्या की फोड येतात. तेव्हापासून बॉक्समध्येच आहेत."

"पण चपलेवर बसायचं?" मावशी जरा घुटमळली. मग तिनेच एक सोल हातात घेऊन वाकवून पाहिला. "असू दे. आता खोगीर झालं हे."

सिद्धेशने वरचे पट्टे सोडवले, सोल भिजवून नरम केले, ड्रिलने भोकं पाडली. माझ्या फ्रेमसाठी आणलेलं तेच ड्रिल. मावशीने मेणाच्या दोऱ्याने शिवलं. रात्रीच्या जेवणाआधी मी पुन्हा बसण्याजोगी झाले. फक्त बसलं की करकर वाजायला लागले. कोल्हापुरी ती, गप्प थोडीच राहणार.

रविवारी नदीकाठी काय थाट होता. ट्वीडचे कोट, गुडघाविजारी, हॅटी, बेव्हर्लीचा जांभळा झगा. त्यात नाकात नथ, हिरवी नऊवारी, पायात पांढरे स्निकर्स आणि डोक्यावर हेल्मेट घातलेली आमची मावशी. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवत होते. मावशीही मिरवणुकीतल्यासारखी हात हलवत होती आणि मी मनात म्हणत होते, हँडल धर.

शेवटच्या उतारावर पुढची सगळी मंडळी अचानक थांबली. वाट अडवून एक भलामोठा गूज उभा होता. काळ्या मानेचे हे हंस पिल्लं झाली की कुणाला जुमानत नाहीत. तो मान ताणून फिस्कारत होता आणि ट्वीडवाले उतरून मागे सरकत होते. मावशीला थांबणं भाग होतं. पण थांबणार कसं? पायडल थांबत नव्हतं, चमचा नुसता किंचाळत होता. उडी मारली असती तर वाचली असती, पण मग मला ढकलत न्यावं लागलं असतं. तिने उडी मारली नाही. घंटा धरली ती सोडलीच नाही आणि गल्लीतल्या बैलाला हाकलावं तशी ओरडली, "हो बाजूला! ए बाबा, ब्रेक नाही!"

गूजने आयुष्यात पहिल्यांदा मराठी ऐकलं असावं. घंटा, करकर आणि मावशी असं तिहेरी संकट बघून त्याने पिल्लं गोळा केली आणि गवतात उतरला. आम्ही सुसाट खाली गेलो. मागून सगळ्या क्लबाने आरोळी ठोकली. मावशी खदखदून हसत होती, एडिथ हसली होती तशीच. तिचं हसू सीटमधून माझ्या लाकडी रिमांपर्यंत पोचलं.

घराच्या दारात सिद्धेश उभा होता. "मावशी," तो म्हणाला, "ब्रॅकेट रिटर्न करतो."

त्याने ते परत केले नाहीत. बेसमेंटच्या भिंतीवर आता त्याच ब्रॅकेटवर, मागे दिव्यांच्या पट्टीसकट, कोल्हापुरीचे लाल गोंडे लावलेत. पाहुणे विचारतात आणि सिद्धेश सगळी गोष्ट सांगतो.

उन्हाळाभर मावशी आणि मी कुणालाही न विचारता हवं तिथे गेलो. दुकानात, लायब्ररीत, कासवांच्या तळ्यावर. बेव्हर्लीबरोबर तर रोजच. आता पानं पिवळी झालीत, मावशीच्या बॅगा दाराशी उभ्या आहेत. मघाशी सिद्धेश तिला म्हणाला, "एअरपोर्टला निघायला अजून वेळ आहे." ती लगेच हेल्मेट शोधायला आत गेली. येते आहेच.

जाता जाता तिने सिद्धेशला बजावलंय की हिला खोबरेल लावायचं नाही आणि उभी ठेवायची नाही. तुम्हालाही मी तेच सांगते. तुमच्या बाल्कनीत, जिन्याखाली माझी एखादी बहीण उभी असेल, तर तिच्या चाकात हवा भरा. तिचं कौतुक नको, तिच्यावर बसा. आणि नदीकाठाने चालताना पाठीमागून करकर ऐकू आली, तर कृपा करून बाजूला व्हा. ब्रेक मला अजूनही नाही.