मेलेल्यांच्या सिनेमात माझा सदरा

मी बुजगावणं बोलतोय. वरंध घाटाच्या खालच्या अंगाला, आवडी नावाच्या म्हातारीच्या वालाच्या शेतात उभा असतो. घाबरवणं हा माझा धंदा. त्यामुळे त्या झॉम्बीच्या सिनेमांबद्दल बोलायचा मला अधिकार आहे आणि मी बोलणारच. घाबरवण्याच्या धंद्यात एवढे कामचुकार मी दुसरे पाहिले नाहीत.

बांबूच्या दोन काठ्या, थोडा पेंढा आणि एक फुटकं मडकं, एवढ्यातून मी जन्मलो. मडक्यावर आवडीने चुन्याचे डोळे काढले, एक मोठा, एक बारीक. मग तिने नवऱ्याचा, सहदेवचा सदरा माझ्या अंगावर चढवला. सहदेव गेल्याला आता बराच काळ झाला. असताना तो याच बांधावर गोफण घेऊन बसायचा आणि माकडं त्याला चळाचळा कापायची.

तो सदरा आवडीने कधी धुतला नाही. इथे राखणदाराचा सदरा बुजगावण्याला घालायचा तर न धुताच घालतात. नुसत्या काठीला माकडं चार दिवस फसतात, पण दगड मारणाऱ्या माणसाच्या घामाचा वास ती विसरत नाहीत. म्हणून माकडांच्या लेखी सहदेव अजून शेतात उभा होता.

आवडीचा एकुलता एक मुलगा दीपेश नालासोपाऱ्याला राहतो. ‘आये, एकटी काय करतेस, चल इकडं,’ हे त्याचं दर फोनला ठरलेलं. शेवटी वैतागून तिने शब्द दिला, "यंदा वाल पदरात पडलं नाय तर येते. पडलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाय." म्हणजे आवडीचं या मातीत राहणं न राहणं माझ्या खांद्यावर आलं, आणि माझे खांदे तर पेंढ्याचे.

शिमग्याला दीपेश आला. सोबत त्याची बायको वैशाली आणि मित्र विपुल. हा विपुल मोबाइलवर सिनेमे काढतो. सराव म्हणून दोघे मित्र माझ्या शेजारी बांधावर बसून झॉम्बीचे सिनेमे बघायचे. मलाही बघावे लागले, मान वळवायची सोय नाही. मेलेली माणसं उठतात, वाकडी चालतात, चावतात, मग कुणीतरी त्यांची डोकी फोडतं. दुसऱ्या सिनेमात तेच. तिसऱ्यात तेच, फक्त पाऊस पडत असतो. एका जागी उभं राहून धाक बसवायची यांची ऐपत नाही, म्हणून झुंडीने फिरतात. आणि बघणारे? शेजाऱ्याच्या डोक्यात कोयता घालायला मिळतो आणि वर पापही लागत नाही, म्हणून खूश. मला किळस आली.

पुढचं ऐका. शेंगा तोडायला माणसं हवीत म्हणून आवडी वाडीत दारोदार फिरली होती. कुणाची कंबर धरली होती, कुणाला बीपी होतं. विपुलने मेलेली माणसं हवीत म्हटल्याबरोबर अख्खी वाडी धावली. कंबर धरलेला भिकाजी तर सगळ्यात पुढे, तोंडाला पीठ फासून. काम करायला ही माणसं जिवंत नव्हती, मरायला मात्र तयार.

मोठा झॉम्बी दीपेश. त्याला मळका सदरा हवा होता, तो त्यांनी माझ्या अंगावरून काढला आणि छातीवर लाल रंग ओतला. आवडी गुरांना पाणी दाखवून परतली तेव्हा तो सदरा घातलेला माणूस पाय ओढत, हात पुढे करून, शेतातून तिच्याकडेच येत होता. ती जागच्या जागी थांबली.

"काकी, घाबरा ना! पळा!" विपुल ओरडला.

आवडी पळाली नाही. हळूच म्हणाली, "वाफ्यातनं नको. बांधावरनं ये. किती येळा सांगायचं?"

सगळे मेलेले खो खो हसले. दीपेश हसला नाही. त्याच्या बापाला ती रोज हेच सांगायची, हे त्याला ठाऊक होतं.

"अजून एकदा ये की रे," ती म्हणाली. तो मागे गेला आणि बांधावरून पुन्हा चालत आला.

तेव्हा मला कळलं, लोक हे भिकार सिनेमे पुन्हा पुन्हा का बघतात. गेलेलं माणूस आपल्या दिशेने चालत येतं, तेवढ्यासाठी. तोंडाला रक्त असलं तरी चालतं त्यांना. पण तसं कबूल करायची लाज वाटते, म्हणून डोकी फोडतात. माझा तिरस्कार काही कमी झाला नाही, पण मडक्याच्या आत कुठेतरी दुखलं खरं.

संध्याकाळी वैशालीने सदरा परत आणून मला घातला. "आई, किती मळला होता हो. मी घासून धुतला. वासाचं पाणीपण घातलंय."

आवडीने कपाळाला हात लावला. पण पोरीने आपल्या परीने चांगलंच केलं होतं.

मंडळी मुंबईला गेली आणि माकडं आली. आधी बांधावर बसून त्यांनी हवा हुंगली. मग एक थोराड माकड माझ्या खांद्यावर चढून निवांत शेंगा सोलायला लागलं. माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. आवडी ओरडत, ढेकळं मारत धावत आली, तोवर निम्मं शेत उजाड झालं होतं.

तिने तो सदरा उतरवला आणि घडी करून घरात नेला. येताना स्वतःचा शर्ट घेऊन आली. शेतात राबताना साडीवरून घालते तो, घामाने कडक झालेला. तो मला चढवला. दुसऱ्या दिवशी माकडं बांधापर्यंत आली, हुंगली आणि गपगुमान मागे फिरली.

सिनेमा म्हणे लोकांनी मोबाइलवर खूप पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ती म्हातारी अगदीच खोटी वाटते, घाबरतच नाही. असे हे जाणकार.

काल दीपेशचा फोन आला. आवडी माझ्या शेजारीच बसली होती.

"आये, वाल किती आलं?"

"निम्मं गेलं, निम्मं ऱ्हायलं."

"मग ठरल्यापरमानं येतेस ना?"

"निम्मी येईन. चार दिस ऱ्हाते नि परत येते."

 दीपेश म्हणाला, "आये, बाबांचा सदरा...?"

"घरात हाय. आता धुतलेला हाय, तुलाच व्हईल. पुढच्या वालाला तो घालून ये. बांधावरनं."

तोवर मी आहे, तिचा शर्ट घालून उभा. तुम्ही तुमचे झॉम्बी खुशाल बघा. फक्त घराकडे चालत यायला मरायची वाट बघू नका.