निकेतची वाजवनार

पहिल्याच दिवशी एका पोराने दुसऱ्याच्या तळव्यात बॉलपेन खुपसलं. शाई आणि रक्त माझ्या ओढणीवर उडालं. मी खुपसणाऱ्याची कॉलर धरून ओरडले, "परत असं केलंस तर कानाखाली वाजवीन!" बाकीची पोरं खदाखदा हसली. सुधारगृहात शिकवायला आलेली बाई अशी बोलते हे त्यांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू?

उरणच्या मिठागरांपलीकडे उंच भिंतीआड ते सुधारगृह आहे. मंगळवारी मी लिहायला शिकवायचे, बुधवारी ढोलकी. ढोलकी माझ्या वडिलांची, हळदीच्या मांडवांत त्यांनी जन्मभर वाजवलेली. वहीचा नियम एकच होता. मनात येईल ते लिहा, मी कुणाला दाखवणार नाही, फक्त चुका सुधारीन.

प्रणय सतरा वर्षांचा, आमच्याच उरणच्या बाजूचा, मिठागरावर राबणाऱ्या सोनूबाईंचा मुलगा. ट्रकवर क्लीनर असताना भांडणात त्याने दुसऱ्या क्लीनरचा जबडा जॅकच्या दांड्याने फोडला होता. इथे त्याला सात महिने झाले होते. येत्या शुक्रवारी बाल न्याय मंडळापुढे त्याची तारीख होती आणि तो घरी जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. चार महिन्यांत त्याने कुणावर हात उगारला नव्हता, तसा अहवाल मीच लिहून दिला होता. "शुक्रवारपर्यंत राग गिळून गप्प बस," मी त्याला बजावून ठेवलं होतं.

निकेत तळा तालुक्यातला. त्याने ढोलकीवर थाप मारली की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा मान डोलवायचा. ढोलकीच्या दोऱ्या तोच ताणायचा, पुसायचाही तोच. त्यामुळे सगळे तिला 'निकेतची' म्हणत. "निकेतची आण रे," असं मीही म्हणायचे. पण पोराची जीभ मोठी वाईट. रविवारी सोनूबाई प्रणयला भेटून रडत गेल्या. मिठाने त्यांचे तळपाय चिरलेत, लंगडत चालतात. निकेतने जेवणाच्या रांगेत ती चाल करून दाखवली, हुंदक्यांसकट. सोमवारी पुन्हा. मला हे सगळं नंतर कळलं.

मंगळवारी प्रणयने वहीत एकच ओळ लिहिली. 'उद्या मी निकेतची वाजवनार.'

मला काय आनंद झाला! आजवर तो ढोलकीला शिवलाही नव्हता. मी लाल पेनाने त्या 'न'ला गोल केला आणि वर ठसठशीत 'ण' काढला. आमच्या लोकांच्या तोंडून हा 'न' जाता जात नाही, आणि मला त्याची भारी चीड. खाली लिहिलं, 'शाब्बास! नक्की वाजव.'

वही घेऊन तो तिथेच उभा राहिला. "बाई, वाचला ना तुमी?"

"वाचलं की. आधी 'ण' शिक."

बुधवारी निकेत वाजवत होता. प्रणय उठला, तशी मी हौसेने बाजूला सरकून त्याला जागा करून दिली. त्याने ढोलकी हिसकावली, डोक्यावर उचलली आणि निकेतच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं. निकेतने हातांनी तोंड झाकलं, तेव्हा हातांवर घातली. पुन्हा. पुन्हा. लोखंडी कडीने दोन बोटं हाडापर्यंत सोलली. ढोलकीचं खोड फुटलं, मग फुटक्या तुकड्याने मारलं. मी केस धरून त्याला मागे ओढलं. त्याच्या कोपराने माझा ओठ फाटला. आणि मग मीही त्याला मारलं, एकामागून एक थोबाडीत, हात दुखेपर्यंत. लाज वाटते, पण मारलं.

तो मुकाट मार खात उभा राहिला. तुकडा हातातून पडला.

"आता वाजवता, बाई?" तो म्हणाला. "मी कालच लिवला व्हता. तुमी वाचला. मना वाटला, आज तुमी मना वर्गान घेनारच न्हाय."

निकेतला दवाखान्यात नेलं. बोटं वाचली, पण वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. अधीक्षक शिवदास साहेबांनी प्रणयची वही वाचली, मला पाणी दिलं आणि समोर कागद ठेवला. "अचानक हल्ला केला, एवढंच लिहा. वहीतलं पान मी फाडतो. तुमचा वर्ग तरी राहील."

अचानक! पोराने आदल्या दिवशी लेखी सांगितलं होतं. मी साहेबांच्या हातून वही ओढून घेतली. त्यांच्या कागदावर प्रणयची ओळ जशीच्या तशी उतरवली, 'न'सकट, आणि त्याखाली माझी.

शुक्रवारी मंडळाने दोन्ही ओळी वाचल्या. प्रणयची सुटका लांबली, माझा वर्ग बंद झाला. बाहेर व्हरांड्यात सोनूबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत त्याच्यासाठी आणलेला नवा शर्ट. त्यांना वाचता येत नाही. माझ्या हातातली वही त्यांनी ओळखली.

"बाय, काय लिवलाय माझ्या पोरानं?"

मी वाचून दाखवलं. त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या, मग बोट खाली सरकलं.

"नि ह्या लाल?"

तेही मी त्यांना वाचून दाखवलं.