भोपळा पिकेपर्यंत

पडदेवालीचं आणि तिच्या सासऱ्यांचं नातं विळ्या-भोपळ्याचं, असं गल्लीत सगळेच म्हणत. भांडण असं कधी होत नसे. सासरे उभा जन्म मालवाहू जहाजांवर आचारी होते. सुनेने केलेली भाजी ते तोंडात घालत, क्षणभर छताकडे बघत आणि म्हणत, "असू दे. पोट भरलं म्हणजे झालं." तेवढंच. पण तेवढंच तिला दिवसभर टोचायला पुरायचं. सासूबाई होत्या तोवर दोघांच्या मधे एक उशी होती. त्या गेल्या, नवरा लांब कुठल्यातरी बोगद्याच्या कामावर अडकला, आणि घरात ही दोघंच उरली. ती खाली शिवणयंत्रापाशी लोकांचे पडदे शिवत, ते वर मागच्या खोलीत. बायको गेल्यापासून त्यांनी सुरी हातात धरली नव्हती.

अशात तो वेल आला. मागच्या अंगणात भाज्यांची सालं टाकायची जागा होती, तिथे आपणहून उगवला आणि पावसाच्या पाण्याच्या नळावरून चढत वर गेला. पडदेवालीचं लक्षच नव्हतं. एका सकाळी ती चहा घेऊन वर गेली, तर खोलीत हिरवा उजेड पडला होता. खिडकीच्या गजांतून वेल आत शिरला होता, ताटाएवढी पानं भिंतीवर रेलली होती आणि सासरे बिछान्यावर अगदी गप्प बसून एका उमललेल्या पिवळ्या फुलाकडे बघत होते.

"काढून टाकू का, बाबा?" तिने विचारलं. "खिडकी लागायची नाही."

"नको," ते म्हणाले. "हळू बोल. मादी फूल आहे."

मग त्यांनी गजांतून हात बाहेर घातला, एक नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि आतला केसर खोलीतल्या फुलाला अलगद टेकवला. खोलीत मधमाशी कुठून येणार? चहा निवून गेला. ती ट्रे हातात धरून उभीच होती. या माणसाचे हात इतके हलके असतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फळ धरलं. आधी लिंबाएवढं, मग वाटीएवढं, मग बघता बघता असं फुगलं की देठ ताणला जाऊ लागला. तेव्हा पडदेवालीने पडद्यांच्या जाड अस्तराची झोळी शिवली, तिला दुहेरी टीप मारली आणि पट्ट्यांनी गजांना बांधली. सासऱ्यांनी झोळी ओढून बघितली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"जहाजावर असं शिवणारं माणूस मिळालं असतं तर," ते म्हणाले, "आमची शिडं उसवली नसती."

"तुमच्या जहाजांना शिडं कुठे होती, बाबा?"

"म्हणूनच तर म्हणतो," ते म्हणाले, आणि दोघंही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज झाला होता.

त्याच सुमारास नणंदेचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची आणि बोलायचीही वर्गात बोलल्यासारखी. "वहिनी, तू दिवसभर मशीनवर. बाबा वर एकटे. थंडी सुरू व्हायच्या आत मी त्यांना माझ्याकडे नेते. गाडी घेऊन येईन."

पडदेवालीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. तिने फोन सासऱ्यांच्या हाती दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो की. पण एवढा भोपळा पिकू दे. याला अर्धवट सोडून कसा येऊ?"

असं ठरलं. भोपळा पिकला की सासरे जाणार.

पानगळ सुरू झाली. संध्याकाळी खाली लवकर अंधारून यायचं, म्हणून पडदेवाली हातशिलाईचं काम घेऊन वरच्या खोलीत बसू लागली. तिथे पश्चिमेचं ऊन पानांतून झिरपत यायचं आणि वारा सुटला की सगळ्या भिंतीभर सावल्या हेलकावायच्या. सासरे झोळीवर हात ठेवून बोलायचे. सुरुवातीला अडखळत, मग सलग.

"एका बंदरात मी पानगळीत उतरलो होतो," ते सांगायचे. "मेलेल्या माणसांसाठी तिथे टेबल मांडतात. फुलं, दिवे, आणि मधोमध गुळासारख्या काळ्या पाकात शिजवलेला भोपळा. भूक लागून आलेल्या माणसाने उपाशी परत जाऊ नये म्हणून."

"आणि येतात ती माणसं?"

"सकाळी भोपळ्याचा वास कमी झालेला असतो, असं तिथली एक बाई म्हणाली होती. मी काही हुंगून बघितलं नाही."

दुसऱ्या एका बंदरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी लोक भोपळ्याची फोड खातात आणि आंबट फळं टाकलेल्या गरम पाण्याने आंघोळ करतात. मग म्हणे हिवाळा बाधत नाही. आणखी एका बेटावर नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी घरोघर भोपळ्याचं सूप असतं. एके काळी तिथली गुलाम माणसं ते मालकांसाठी रांधायची आणि त्यांना स्वतःला ते चाखायची बंदी होती. मोकळी झाली तेव्हा त्यांनी तेच सूप भांडी भरभरून केलं. हे सांगताना सासऱ्यांचा आवाज खाली जायचा. मग ते एकदम खुलायचे. "आणि एका ठिकाणी भोपळ्याची कॉफी प्यायलो. भोपळा नावाला, सगळी दालचिनी! पण बाहेर धुकं होतं, पायरीपायरीवर कोरलेले भोपळे आतून पेटलेले होते. अशात काहीही दिलं असतं तरी प्यायलो असतो."

सुई धरलेला तिचा हात थांबायचा. खोली सुटून हळूच पाण्यावर निघाली आहे, अंगण मागे पडलं आहे, झोळीतला तो गोल कंदील पुढे झुलतो आहे, असं तिला वाटायचं. खालून कुणी गिऱ्हाईक हाका मारायचं, तेव्हा जिन्याच्या पायऱ्या तिला बंदराच्या धक्क्यावर उतरल्यासारख्या लागायच्या.

नणंद दर रविवारी फोन करायची. "पिकला का?"

"कुठे अजून," पडदेवाली म्हणायची. "नख रुततंय सालीत. हिरवाच आहे."

नख रुतायचं केव्हाच थांबलं होतं. देठ बुचासारखा सुकला होता, साल पेटल्यासारखी केशरी झाली होती. दुपारी सासरे झोपले की ती भोपळ्यावर टकटक करून बघायची, आतून पोकळ आवाज यायचा आणि ती पटकन हात मागे घ्यायची. सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती. जायची घाई त्यांनाच असली तर?

मग एका रविवारी फोनऐवजी नणंद स्वतःच आली. तडक जिना चढून वर गेली आणि दारातच थबकली. भोपळ्यावर मावळतं ऊन पडलं होतं. खोली मधाच्या बरणीतून बघितल्यासारखी दिसत होती.

"हा हिरवा?" नणंद म्हणाली. "वहिनी, हा हिरवा? आणि बाबा, परवाच तुम्ही मला म्हणालात की अजून महिना तरी लागेल!"

पडदेवालीने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही पण?" ती म्हणाली.

"मला वाटलं, तुला भोपळ्यातलं काही कळत नाही," सासरे पुटपुटले.

"दोघं मिळून मला बनवत होतात!" नणंद पलंगावर बसली. पर्स अजून खांद्यालाच होती.

"मिळून नाही, ताई," पडदेवाली म्हणाली. "मी माझ्यापुरतं खोटं बोलले. बाबांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. त्यांना सांगायचं धाडस नव्हतं."

सासऱ्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. नाक पुसलं. मग म्हणाले, "सूनबाई, मोठी सुरी आण. धार करून आण."

भोपळा त्यांनी स्वतः कापला. आतला गर इतका लालकेशरी होता की नणंदही रुसवा विसरून जवळ आली. तिघं स्वयंपाकघरात उतरली. सासरे स्टुलावर बसून सांगत होते आणि शेवटी राहवेना म्हणून उठलेच. बिया धुऊन तव्यावर तडतडवल्या, गर कांद्याबरोबर शिजवून घोटला, वर मिरीची पूड भुरभुरवली. काचांवर वाफ धरली, रस्त्यावरचे दिवे त्यातून विरघळल्यासारखे दिसू लागले. तिघं वाडगे घेऊन बसली. नुसते चमचे वाजत होते.

नणंदेने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वाडग्यात बघतच म्हणाली, "मला वाटलं होतं, बाबा आले की कुणीतरी घरात असेल. कुरकुर करायला का होईना. दिवा मीच लावते, मीच मालवते."

आता तिचा वर्गातला आवाज कुठेतरी गेला होता. पडदेवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आजवर आपण हिला एकटी समजलोच नाही, नुसती करारी समजलो, हे तिला कळलं.

सासऱ्यांनी दोघींकडे आलटूनपालटून बघितलं. "थंडीभर हिच्याकडे जातो," ते सुनेला म्हणाले. "जाऊ का?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला काही विचारलं, ते हे पहिलंच.

"जा," ती म्हणाली. "पण ऊन तापायला लागलं की या. खोली तशीच ठेवते."

ते गेले. दोन-चार दिवस वरच्या खोलीत पाऊल टाकवेना. मग तिने सुकलेला वेल कापून काढला आणि खिडकी लावून घेतली. भिंतीवर पानांनी धरलेल्या जागी फिकट हिरवे डाग राहिले होते. ते तिने पुसले नाहीत.

आता संध्याकाळी मशीन चालू असताना फोन वाजतो. सासरे शेजारणीची तक्रार सांगतात, कांदा कसा चिरावा यावरून त्यांचं तिच्याशी वाजलं आहे. मागून नणंद ओरडत असते, "त्यांचं ऐकू नकोस, वहिनी, चूक यांचीच आहे!" पडदेवाली मशीनचं पायडल थांबवते, पडद्याचं कापड मांडीवर ओढून घेते आणि म्हणते, "थांबा, थांबा. पहिल्यापासून सांगा."